नऊ एकोणचाळीस

शुक्रवार, १९ जुलै २०२४. खालच्या सगळ्या वेळा भारतीय घड्याळाच्या आहेत.

पहाटे ३.३०

या वेळेला मीरा रोडमध्ये दोन प्रकारची माणसं जागी असतात. एक पहिली लोकल पकडणारी, दुसरी अमेरिकेच्या घड्याळावर नोकरी करणारी. दुसऱ्यांची इथे वाण नाही. मालाडचं माइंडस्पेस, गोरेगावचं नेस्को, अंधेरीचं सीप्झ, बीकेसी, अगदी ऐरोलीसुद्धा. नोकरी कुठेही असो, खिशाला झेपेल असं घर दहिसरच्या पलीकडेच मिळालं, असे हे लोक. शांती नगरच्या एखाद्या सेक्टरमध्ये पहाटे खिडकीत निळसर उजेड दिसला तर टीव्हीच असेल असं नाही.

साधारण याच सुमाराला मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचा ‘सेंट्रल यूएस’ विभाग गडबडला. कोणत्या यंत्रांना साठवणुकीच्या सर्व्हरपर्यंत येऊ द्यायचं याची एक यादी असते. ती आपोआप तयार करून पोहोचवणाऱ्या प्रक्रियेने त्या दिवशी अपुरी यादी बनवली आणि तशीच पुढे ढकलली. साठवणुकीच्या सर्व्हरांनी मग आपल्याच यंत्रांना दार बंद केलं. तिकडे गुरुवारची संध्याकाळ होती. फ्रंटियर या अमेरिकी विमान कंपनीची उड्डाणं खोळंबली.

मोठा अनर्थ हा नव्हे, तो वेगळा. पण नंतर दिवसभर लोकांनी दोन्ही एकाच गाठोड्यात बांधले, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

सकाळी ६.००

रात्रपाळी संपते. कॅब दहिसर टोल नाक्यावरून परत येतात (तेव्हा टोल होता, लहान गाड्यांना माफी मिळाली ती पुढे ऑक्टोबरात). घरी पोचायच्या आत हँडओव्हरचा मेल गेलेला असतो: काय बंद पडलं, काय चालू केलं, दिवसपाळीने कशावर लक्ष ठेवायचं.

आठवडा तसाही विस्कटलेला होता. आषाढी आणि मोहरम दोन्ही बुधवारी, १७ तारखेला. गुरुवारी येऊन लोकांनी मेल उपसले, शुक्रवारी अर्धे घरूनच काम करणार. आयटीत शुक्रवारचा एक अलिखित नियम आहे: प्रॉडला, म्हणजे लोक वापरत असलेल्या चालू यंत्रणेला, हात लावायचा नाही. स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरलेला टप्पा, दोन आठवड्यांचा असो की तीन, रिलीजची तारीख मंगळवार-बुधवारी धरायची. शुक्रवारी काही बिघडलं तर शनिवार-रविवार त्यात जातात. हा नियम कुठल्या पुस्तकातून आलेला नाही, घरच्यांच्या शिव्यांमधून आलेला आहे.

टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात मात्र अजून गुरुवारच चालू होता. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचं मुख्यालय तिथे.

सकाळी ७.००

उरले दोन तास एकोणचाळीस मिनिटं. या कंपनीचा माल काय आहे ते बघू.

फाल्कन नावाचं त्यांचं एक सेन्सर असतं. बँका, विमान कंपन्या, रुग्णालयं, मोठी ऑफिसं आपल्या प्रत्येक विंडोज यंत्रात ते बसवतात. ते साध्या ॲपसारखं वरवर बसत नाही, विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये बसतं, आणि यंत्र सुरू होताना अगदी सुरुवातीलाच जागं होतं. पहारेकऱ्याने चोराच्या आधी उठायचं, हा त्यामागचा हिशेब, आणि तो चुकीचाही नाही.

या सेन्सरला नवी माहिती दोन वाटांनी मिळते. पहिली वाट सेन्सरच्या नव्या आवृत्तीची. तिथे सगळं शिस्तीत: चाचण्या, टप्पे, तारखा. ग्राहक सांगू शकतो की मला ताजी आवृत्ती नको, एक मागची द्या, किंवा दोन मागची द्या. शहाण्या आयटी विभागांनी तसं सांगूनही ठेवलेलं होतं. दुसरी वाट ‘रॅपिड रिस्पॉन्स कंटेंट’ची. हल्लेखोरांनी नवी युक्ती काढली की ती ओळखायची खूण एका छोट्या फाइलमध्ये घालायची आणि जगभरच्या सेन्सरांना पाठवायची. रोज. दिवसातून अनेकदा. एकदम सगळ्यांना.

या दुसऱ्या वाटेला ‘एक मागची द्या’ हा पर्याय लागू नव्हता. बऱ्याच ग्राहकांना हे त्या शुक्रवारीच कळलं. आपण सावधपणे एक पाऊल मागे उभे आहोत असं समजणारे आणि सगळ्यात पुढे धावणारे, दोघांच्या हाती फाइल एकाच क्षणी पडत होती.

यात कंपनीचा मूर्खपणा शोधायला जाऊ नये. हल्ला तासाभरात जगभर पसरतो. त्याची खूण दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये बसवून, रिग्रेशन करून, बुधवारच्या गो-नो-गो कॉलवर मांडून पाठवायची म्हटली तर तोवर चोर घर धुऊन नेणार. अजाईलवाले वीस-बावीस वर्षं जे सांगत आले तेच इथे टोकाला नेलेलं होतं: बदल लहान ठेवा, वारंवार पाठवा. २००१ च्या फेब्रुवारीत यूटातल्या स्नोबर्डला १७ जणांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला तेव्हा मोठमोठ्या रिलीजा वर्षावर्षाने यायच्या आणि एकदमच कोसळायच्या. त्यावरचा उतारा म्हणून लहान बदल. उतारा चांगलाच होता. फक्त बदल लहान असला म्हणजे तो एकाच वेळी कितीही जणांना देता येतो, असं कुणी म्हटलं नव्हतं.

सकाळी ८.००

उरला एक तास एकोणचाळीस मिनिटं. तोफ खरं तर फेब्रुवारीतच भरून ठेवलेली होती.

२८ फेब्रुवारीला सेन्सरची ७.११ ही आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली. विंडोजमध्ये दोन प्रोग्राम आपसांत ‘नेम्ड पाइप’ नावाच्या नळीतून बोलतात. तिचा गैरवापर करणारे हल्ले ओळखायची नवी सोय या आवृत्तीत आली. या सोयीसाठी जो साचा बनवला त्यात २१ रकाने लिहिले होते. प्रत्यक्ष सेन्सरमधला कोड मात्र त्या साच्याला २० च किमती पुरवत होता.

एकाचा फरक. प्रोग्रामिंग शिकणारं पोर पहिल्या सहामाहीत करतं तसला. तो पकडला कसा गेला नाही, हे मात्र बघण्यासारखं आहे. चाचण्या झाल्या होत्या. पण चाचणीत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण ठेवलेली होती. काहीही चालेल म्हटल्यावर तिथे काय आहे ते बघायला कुणी जात नाही. कोडही गेला नाही. ५ मार्चला ताणाची चाचणी झाली, पास. त्याच दिवशी पहिली खूण ‘चॅनल फाइल २९१’ मधून जगभर गेली. ८ ते २४ एप्रिलच्या दरम्यान आणखी तीन गेल्या. सगळ्यांत एकविसावा रकाना ‘काहीही चालेल’. काही झालं नाही.

आमच्या धंद्यात या ‘काही झालं नाही’ला फार मान आहे. चार वेळा सुखरूप गेलेली वाट पाचव्यांदा कुणी तपासत नाही. रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये काय चुकलं यावर तासभर बोलतात. जे बरोबर गेलं ते कशामुळे गेलं, हे विचारायची पद्धत नाही.

सकाळी ९.००

उरली एकोणचाळीस मिनिटं.

मीरा रोड स्टेशनवर चर्चगेटकडच्या विरार फास्टमध्ये पाय ठेवायला जागा नाही, आणि ठेवलाच तर आतले विरारकर दोन शब्द ऐकवणार. जाणकार भाईंदर लोकलची वाट बघतायत. काशीमिऱ्याच्या बाजूला हायवेवर रोजचीच रांग. घरून काम करणाऱ्यांनी लॅपटॉप उघडून चहा शेजारी ठेवलाय. साडेनऊ-दहाला टीमची रोजची छोटी बैठक, डेली स्टँडअप. सव्वानऊला शेअर बाजार उघडणार.

ऑस्टिनला रात्रीचे साडेदहा. नव्या दोन खुणा तयार होत्या. त्यांतल्या एकीत पहिल्यांदाच एकविसाव्या रकान्यात नेमकी किंमत बघायची सूचना होती.

पाठवण्याआधी एक शेवटचा तपासनीस असतो, ‘कंटेंट व्हॅलिडेटर’. हाही एक प्रोग्रामच. फाइल नीट बनली आहे ना ते तो बघतो. त्याने बघितलं, नीट आहे म्हणाला. कारण साच्यात २१ रकाने आहेत असं त्यालाही सांगितलेलं होतं, फाइलमध्ये २१ होते. सेन्सरकडे २० च किमती आहेत हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तपासणी कागदाशी कागद लावून झाली, वस्तूशी लावून झाली नाही. महापालिकेत फाइल कशी पास होते ते ज्याने बघितलंय त्याला हे वेगळं समजवायला नको.

आणि नेमकं इथेच, रिलीजच्या नियोजनातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात स्वस्त युक्ती वापरायची राहिली. नवा बदल आधी आपल्याच ऑफिसातल्या यंत्रांवर सोडायचा. मग हजारात एका ग्राहकाला. थोडं थांबायचं, आलेख बघायचे, मग शंभरात एकाला, मग पुढे. आयटीत याला कॅनरी म्हणतात. मराठी घरात शितावरून भाताची परीक्षा करतात तीच ही. त्यासाठी भात गार होईपर्यंत बसावं लागत नाही, एक शीत दाबून बघायला क्षणभर पुरतो. या फाइलने यंत्र कोसळायला काही क्षणच लागत होते. आपल्याच दहा यंत्रांवर पाच मिनिटं ठेवली असती तरी दहाच्या दहा निळी पडलेली दिसली असती.

सेन्सरच्या नव्या आवृत्त्यांसाठी टप्पे होते. या फाइलसाठी नव्हते, कारण ती ‘रिलीज’मध्ये धरलीच जात नव्हती. कोड तो धोक्याचा; ही तर नुसती माहिती, रोज जाणारी. कुठल्याही कंपनीत असा एक चोरदरवाजा असतो: कॉन्फिग बदल, डेटा फिक्स, मास्टर टेबलमधली एक ओळ. चेंज तिकीट लागत नाही, कॉल लागत नाही, ‘छोटंसंच आहे, टाकून दे’. मोठ्या रिलीजवर पंचवीस जण पहारा देत बसतात आणि प्रॉड पडतं ते या दाराने. पहाटेची अझूरची अपुरी यादीही याच जातीची.

सकाळी ९.३९

जागतिक वेळेनुसार ०४.०९. फाइल निघाली.

जगभर जी विंडोज यंत्रं त्या क्षणी चालू होती, इंटरनेटला जोडलेली होती आणि ज्यांत ७.११ किंवा त्यापुढचं सेन्सर होतं, त्यांनी ती आज्ञाधारकपणे उतरवून घेतली. सेन्सरने एकविसावी किंमत मागितली. वीसच्या पुढच्या जागेत भलतंच काही होतं. सेन्सरने ते वाचायचा प्रयत्न केला. साधं ॲप असतं तर ते एकटं बंद पडलं असतं आणि वापरणाऱ्याने पुन्हा उघडलं असतं. हे गाभ्यात होतं, त्यामुळे विंडोजने सगळंच थांबवलं. निळा पडदा, वाकडं तोंड केलेला चेहरा, खाली ‘सीएसएजंट’ या फाइलचं नाव.

यंत्र पुन्हा सुरू झालं. सेन्सर पुन्हा सगळ्यांच्या आधी उठलं. तीच फाइल पुन्हा वाचली. पुन्हा निळा पडदा.

सकाळी ९.४५ ते १०.३०

वेळेचा विचार करा. अमेरिकेत मध्यरात्र, युरोपात पहाट, बहुतेक ऑफिसांचे संगणक बंद. ऑस्ट्रेलियात शुक्रवारची दुपार, जपानात जेवणाची वेळ, आणि आपल्याकडे लॉगिनची. भर बाजार उघडला होता तो आशिया-ऑस्ट्रेलियाचा. सिडनीतल्या सुपरमार्केटच्या गल्ल्यांचे निळे पडदे बातम्यांत आले.

मीरा रोडमधल्या डायनिंग टेबलांवर काय झालं असेल ते या धंद्यातल्या कुणालाही डोळ्यांपुढे आणता येईल. स्टँडअपला जोडलेले चौकोन एकेक करून गायब. उरलेले, म्हणजे मॅकवाले, ‘हॅलो, माझा आवाज येतोय का’ विचारतायत. (मॅक आणि लिनक्सला या फाइलची झळ लागली नाही.) मग टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोबाइलने काढलेला निळ्या पडद्याचा फोटो. त्याखाली दुसरा फोटो. तिसरा. तोवर प्रत्येकाला वाटत असतं की आपलाच लॅपटॉप गेला. पाचव्या फोटोनंतर सुस्कारा सुटतो, कारण सगळ्यांचा गेलाय म्हणजे आपल्याला कुणी विचारणार नाही.

सपोर्टला फोन लागत नाही. लागला तर तिकडच्या मुलाचाही पडदा निळाच.

सकाळी १०.४०

बेंगळुरू विमानतळाने नंतर जी वेळ जाहीर केली ती ही: १०.४० पासून नॅव्हिटेअर नावाची, विमान कंपन्यांची चेक-इन यंत्रणा कोलमडली. इंडिगो, आकासा, स्पाइसजेट, एअर इंडिया एक्स्प्रेस, सगळ्यांचे काउंटर तिच्यावर. मुंबईतही तेच. आकासाने मुंबई आणि दिल्लीत हाताने चेक-इन चालू असल्याचं आणि प्रवाशांनी लवकर यावं असं जाहीर केलं.

आता मीरा रोडहून लवकर म्हणजे किती लवकर? विमानतळ वीसेक किलोमीटर. दहिसर नाका ओलांडायला किती वेळ लागेल हे ज्योतिष्यालाही सांगता येत नाही. दुपारच्या विमानाला निघालेला माणूस हायवेवर असतानाच त्याच्या फोनवर वेब चेक-इन बंद झालं.

विमानतळांवर मग कोरे बोर्डिंग पास निघाले. कर्मचारी पेनाने नाव, विमानाचा क्रमांक, आसन लिहून देऊ लागले. समाजमाध्यमांवर त्या हस्ताक्षरांचे फोटो कौतुकाने फिरले. कौतुक कमी आणि हिशेब जास्त करायला हवा होता: एका विमानात पावणेदोनशे माणसं, एकेका पासाला मिनिट धरलं तरी एका काउंटरला तीन तास. इंडिगोने त्या दिवशी सुमारे २०० उड्डाणं रद्द केली, आणि पर्यायी तिकीट किंवा परतावा देण्याची सोयही तूर्त बंद असल्याचं कळवलं.

काय काय वाचलं तेही बघा. राष्ट्रीय शेअर बाजार आणि मुंबई शेअर बाजार दिवसभर नीट चालले. रेल्वेच्या तिकिटांना धक्का लागला नाही. रिझर्व्ह बँकेने सांगितलं की देशातल्या १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला, बाकी ठीक. ज्यांच्याकडे हे महागडं सेन्सर नव्हतं ते सुखात होते. सुरक्षेवर सगळ्यात जास्त पैसे टाकणारेच झोपले, हे त्या दिवशी अनेक वित्त विभागांच्या लक्षात आलं असणार.

सकाळी १०.५७

क्राउडस्ट्राइकने फाइल मागे घेतली. पाठवल्यापासून ७८ मिनिटं.

ही चपळाई कमी समजू नये. मध्यरात्रीच्या सुमाराला, कारण शोधून, दुरुस्त फाइल जगभर पाठवायला सव्वा तास, हे कुठल्याही वॉर रूमला शोभण्यासारखं. रिलीजच्या प्रत्येक कॉलवर एक प्रश्न ठरलेला असतो, ‘रोलबॅक प्लॅन काय?’ आणि उत्तरही ठरलेलं: जुनं परत टाकू, पंधरा मिनिटांत. तिकिटात तो रकाना भरल्याशिवाय मंजुरी मिळत नाही, म्हणून सगळे भरतात. मीही भरतो, आणि बहुतेक वेळा मागच्या तिकिटावरून उचलून चिकटवतो.

पण रोलबॅक चालतो तो आपल्या ताब्यातल्या चालू सर्व्हरवर. इथे फाइल गेली होती दुसऱ्याच्या यंत्रात, आणि ते यंत्र सुरूच होत नव्हतं. सुरू होत नाही म्हणून इंटरनेटला जोडलं जात नाही, जोडलं जात नाही म्हणून दुरुस्त फाइल पोहोचत नाही. काही यंत्रं पुन्हापुन्हा सुरू करताना एखाद्या वेळी कोसळण्याआधीच्या निमिषात नवी फाइल उतरवून घ्यायची आणि वाचायची. मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडच्या ग्राहकांना अधिकृत सल्ला दिला तोही असा: पुन्हा सुरू करून बघा, काहींना १५ वेळा करावं लागलंय. बंद-चालू करून बघा, हा सपोर्टवाल्यांच्या थट्टेचा विषय झालेला मंत्र जगातल्या सगळ्यात मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या सूचनेत आला.

१०.५७ नंतर यंत्र चालू करणाऱ्यांना काही झालं नाही. ज्याने त्या दिवशी आळस केला तो वाचला.

दुपारी १२.००

आता काम हातांचं. प्रत्येक यंत्रापाशी एक माणूस जाऊन बसला पाहिजे. सेफ मोडमध्ये यंत्र सुरू करायचं, विंडोजच्या ड्रायव्हरांच्या फोल्डरमधलं क्राउडस्ट्राइकचं फोल्डर उघडायचं, ‘सी-०००००२९१’ ने सुरू होणारी फाइल पुसायची, यंत्र पुन्हा सुरू करायचं. सांगायला चार ओळी.

पण ऑफिसच्या लॅपटॉपवर बिटलॉकर असतो. चोरीला गेला तर आतला डेटा वाचता येऊ नये म्हणून सगळी डिस्क कुलूपबंद. सेफ मोडला जायचं तर किल्ली लागते, आणि ती ४८ आकडी असते. सहा-सहाचे आठ गट. घरी बसलेल्याला ती माहीत नसते, कंपनीकडे असते. काही कंपन्यांत ती ज्या सर्व्हरवर ठेवली होती तो सर्व्हरही निळा पडून बसलेला.

किल्ली मिळाली की ती फोनवर सांगायची. इकडून एकजण वाचतोय, तिकडे दुसरा टंकतोय, पंख्याचा आवाज, मागे कुकरच्या शिट्ट्या, ‘तीन की सहा?’, ‘परत बोला’. या किल्लीत मात्र एक गंमत आहे. सहा आकड्यांचा प्रत्येक गट ११ ने भागला जाईल असाच बनवलेला असतो. त्यामुळे एखादा आकडा चुकला तर पडदा त्या गटापाशीच अडवतो, सगळे ४८ भरून होईपर्यंत थांबत नाही. ज्या कुणी ही किल्ली आखली त्याने गृहीत धरलं होतं की समोरचा माणूस थकलेला, घाबरलेला असणार आणि चुकणार. म्हणून तपासणी आकडा टाकण्याच्या जागीच ठेवली. त्या दिवशी लाखो लोक हे तपासून घेणारे आकडे टंकत होते, ज्या फाइलपायी टंकत होते तिच्यात रकाने आणि किमती जुळतात का हे वापरण्याच्या जागी कुणी तपासत नव्हतं.

बहुतेकांना फाइल पुसायचा अधिकारही नव्हता, तो ॲडमिनचा. मग निरोप आला असेल तो सरळ: लॅपटॉप घेऊन ऑफिसला या. घरून काम करणारा शुक्रवार, दुपारी दीडची चर्चगेट लोकल, पाठीवर सॅक, आत निळा पडलेला लॅपटॉप. अशा सॅका त्या दुपारी मीरा रोडहून किती गेल्या ते मोजणार कोण.

डेस्कटॉप सपोर्टची मुलं या कहाणीत कुणाच्या खिजगणतीत नसतात. रिलीजच्या कॉलवर ती नसतात, स्प्रिंट प्लॅनिंगला नसतात, कंत्राटावर असतात. जगभरची यंत्रं परत उभी केली ती त्यांनी.

दुपारी ३.१५

अमेरिकेत उजाडायला लागलं आणि कंपनीचे प्रमुख जॉर्ज कुर्ट्झ यांनी एक्सवर लिहिलं की हा सायबर हल्ला नाही. बिघाड सापडला आहे, वेगळा काढला आहे, दुरुस्ती पाठवली आहे. सगळं खरं होतं. फक्त त्यात माफी नव्हती, आणि ते लोकांना झोंबलं; ती थोड्या वेळाने टीव्हीवर आली.

हे कुर्ट्झ २०१० च्या एप्रिलमध्ये मॅकॅफी कंपनीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते. २१ एप्रिलला मॅकॅफीने अँटिव्हायरसच्या खुणांची रोजची फाइल पाठवली, तिने विंडोज एक्सपीमधल्या एका अत्यावश्यक फाइललाच व्हायरस ठरवलं आणि जगभरची यंत्रं पुन्हापुन्हा बंद-चालू होत बसली. तेव्हाही रोज जाणारी फाइल, तेव्हाही ‘नुसती माहिती’, तेव्हाही एकेक यंत्र हाताने. चौदा वर्षांत पद्धती अजाईल झाल्या, पाइपलाइन आपोआप झाल्या, फाइल पोहोचायचा वेग वाढला.

संध्याकाळी आणि रात्री

भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ‘गंभीर’ दर्जाची सूचना काढली. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी सरकारी एनआयसीचं जाळं सुरक्षित असल्याचं सांगितलं. विमानतळांवरच्या रांगा संध्याकाळभर सरकत राहिल्या. नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी नंतर जाहीर केलं की शनिवारी पहाटे ३ पासून यंत्रणा पूर्ववत झाल्या.

पुढचे दिवस

शनिवारी मायक्रोसॉफ्टने अंदाज दिला: ८५ लाख यंत्रं. जगातल्या विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी. अमेरिकेतल्या डेल्टा एअरलाइन्सला सावरायला पाच दिवस लागले, सुमारे ७,००० उड्डाणं रद्द झाली आणि प्रकरण कोर्टात गेलं. क्राउडस्ट्राइकने राबलेल्या भागीदारांना उबरची १० डॉलरची खाण्याची कुपनं पाठवली; इतक्या जणांनी एकदम वापरल्यामुळे उबरला ती लबाडी वाटली आणि काही कुपनं बाद झाली. तेही एकदमच सगळ्यांना पाठवलं होतं.

२९ जुलैला कंपनीने ९९ टक्के सेन्सर परत जागे झाल्याचं सांगितलं. ६ ऑगस्टला मूळ कारणाचा सविस्तर अहवाल आला. २१ आणि २०, ‘काहीही चालेल’ची खूण, व्हॅलिडेटरची समजूत, सगळं त्यात आहे, आणि लपवाछपवी न करता आहे. उपायांची यादीही साधी: किमती मोजून मगच वाचायच्या, एकविसाव्या रकान्यासकट चाचण्या लिहायच्या, खुणांची फाइलही टप्प्याटप्प्याने सोडायची, आणि ती कधी घ्यायची हे ग्राहकाला ठरवू द्यायचं.

२४ सप्टेंबरला कंपनीचे वरिष्ठ उपाध्यक्ष ॲडम मेयर्स अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे हजर झाले. माफी मागून झाल्यावर त्यांनी सांगितलं की अशा दहा-बारा फाइली कंपनी रोज पाठवते. त्या बंद झालेल्या नाहीत, होणारही नाहीत. आता त्या आधी कंपनीच्या स्वतःच्या यंत्रांवर जातात, मग ज्यांनी आपणहून पुढे यायची तयारी दाखवली त्या ग्राहकांकडे, आणि मग बाकीच्यांकडे.